लोहमार्ग आणि विहारमार्ग : जुन्या नकाशातील मुलुंड

कार्तिकी पौर्णिमेस ज्यांना पालिताण्यास जाणे शक्य होत नाही, असे श्रावक-श्राविका आपल्या गावीच शत्रुंजयाच्या पटासमोर उभे राहून भाववंदना करतात. डोंगर, पायवाट, कुंडे व मंदिरे दाखविणारा तो पट म्हणजे एका परीने भूमीचा नकाशाच होय. हा संस्कार लाभलेल्या समाजाने आपल्या उपनगराचा जुना नकाशाही एकदा श्रद्धेने न्याहाळावा.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एका मैलास एक इंच या प्रमाणाच्या जुन्या नकाशांत रस्ते तांबडे, पाणी निळे आणि उंची दाखविणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी असत. मुलुंडच्या पश्चिमेस कान्हेरीच्या डोंगररांगेमुळे या तपकिरी रेषांची दाटी होते; पूर्वेस ठाण्याची खाडी आणि मिठागरे. मधल्या चिंचोळ्या सखल पट्ट्यातून दोन वाटा उत्तरेकडे जातात. एक, १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झालेला बोरीबंदर ते ठाणे हा ३४ किलोमीटरचा लोहमार्ग. दुसरी, त्याहून जुनी आग्रा रोडची वाट, म्हणजेच आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग. १९२२ मध्ये क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी नगररचना आखली आणि भातशेतीच्या गावाला काटकोनातील रस्ते व पाच रस्त्याचा चौक लाभला. १९५७ मध्ये मुलुंड बृहन्मुंबईत समाविष्ट झाले.

स्थानिक इतिहासात लोहमार्गाचेच कौतुक अधिक होते. ते स्वाभाविकही आहे, कारण व्यापारी कुटुंबे त्याच मार्गाने येथे स्थिरावली. परंतु वाहन वर्ज्य असलेल्या साधू-साध्वींना स्थानकाचा काय उपयोग? त्यांच्या दृष्टीने पुढील गावाचे अंतर, सावली आणि गोचरी देणारी घरे महत्त्वाची. गाडीने आलेल्या श्रावकांची घरे झाली, तेव्हाच रस्त्याने येणाऱ्या मुनींना येथे थांबता आले.

नकाशातील एक बारकावा तर विशेष बोलका आहे. बारमाही पाणी निळ्या रंगात, तर पावसाळ्यापुरते वाहणारे ओढे काळ्या रेषेने दाखविण्याचा तेथे प्रघात होता. डोंगरातून खाडीकडे धावणारे असे ओढे आठ महिने कोरडे असतात. उरलेले चार महिने चातुर्मासाचे. त्या काळात ओली, जीवजंतूंनी भरलेली भूमी तुडवू नये म्हणून विहार थांबतो.

आता त्या ओढ्यांवर इमारती आहेत आणि आग्रा रोडवर अवजड वाहने. तरीही आषाढी चौदशीपूर्वी पहाटेच्या अंधुक प्रकाशात काही श्रावक मुनींच्या पुढे-मागे चालत असतात, ते त्याच तांबड्या रेषेवरून.