कॅश, ठेवा आणि जुहूचे जुवे

जिओकॅशिंगला, म्हणजे उपग्रहांच्या मदतीने जागा हुडकून दडवलेली डबी शोधण्याच्या खेळाला, मराठीत काय म्हणावे? जुहूच्या विमानतळाला वळसा घालताना हा प्रश्न मला हमखास पडतो. देवनागरीत लिहायला घेतले की पहिला घोटाळा होतो तो 'कॅश'चा. दडवलेली कॅश आणि दुकानातली कॅश एकाच वेशात उभ्या राहतात. घराणी मात्र वेगळी. खेळातली कॅश फ्रेंच 'काशे', म्हणजे लपवणे, यावरून आली. त्यामागे लॅटिन 'कोआक्तारे', दाबून कोंबणे, असावे असे दिसते. कॅनडातले कातड्यांचे व्यापारी शिधासामान जमिनीत पुरून ठेवत, त्या पुरलेल्या सामानाला हा शब्द रूढ झाला. ३ मे २००० रोजी अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये डेव्ह अल्मर यांनी पहिली बादली पुरली, आणि त्याच महिन्यात खेळाने तो शब्द उचलला. दुकानातली कॅश लॅटिन 'काप्सा'ची वारस. काप्सा म्हणजे पेटी. पुढे पेटीतल्या पैशालाच ते नाव पडले. म्हणजे खेळातली डबी व्युत्पत्तीने पाहता दुसऱ्याच कॅशच्या घरची! तिसरीही एक कॅश आहे. तमिळ 'कासु' या नाण्याचे पोर्तुगीजांनी 'काइशा' केले आणि इंग्रजांनी चीनच्या भोकाच्या नाण्यांनाही तेच नाव दिले. कासुचे मूळ संस्कृत 'कर्ष' असावे.

मग 'खजिना' का नको? अरबीत ख-ज़-न म्हणजे साठवणे. त्याच धातूच्या 'मख़ाज़िन'मधून, म्हणजे कोठारांमधून, युरोपमार्गे 'मॅगझिन' आले. बंदुकीतले आणि वाचायचे, दोन्ही. फारसीतून मराठीत उतरलेल्या खजिन्याला मात्र पहारा असतो, खजिनदार असतो, हिशेब असतो. दडवण्याचा भाव त्यात मुळातला नाही. 'निधी'त तो होता. नि आणि धा, खाली ठेवणे. पुरलेला निधी सापडल्याची वर्दी देणाऱ्याला सहावा हिस्सा द्यावा, असे कौटिल्य सांगतो. पण आज निधी म्हटले की वर्गणी आणि सहायता निधीच आठवतो, त्यामुळे हा शब्दही हातचा गेला. पायांकडून जन्मलेल्या माणसाला भूमिगत धन दिसते, या समजुतीपायी आपल्याकडे 'पायाळू' शब्दाभोवती केवढ्या कथा जमल्या आहेत! धन दिसण्यासाठी पायाळूच्या डोळ्यांत अंजन घालत. आता ते काम उपग्रह करतात.

माझे मत 'ठेवा'ला. संस्कृत 'स्थापयति', प्राकृत 'ठवेइ', मराठी 'ठेवणे', अशी ही सरळ वाट आहे. 'ठाव'ही स्था धातूच्याच कुळातला असावा. ठेवलेली वस्तू आणि ती ठेवल्याची जागा, दोघींचे मूळ एक. ज्या खेळात जागा कळली की वस्तू हाती येते, त्याला याहून नेमका शब्द सापडणे कठीण. शिवाय आजीच्या पेटीतल्या गोष्टींनाही आपण ठेवाच म्हणतो. मोल पैशाचे असलेच पाहिजे, अशी अट त्यात नाही.

जागा सांगायची ती अक्षांश-रेखांशांत. प्राचीन ज्योतिषात 'रेखा' म्हणजे लंका आणि उज्जयिनीवरून जाणारी मूळ रेषा, आणि तिच्यापासूनचे अंतर ते 'देशांतर'. हिंदीने हा शब्द आजही त्याच कामावर ठेवला आहे. आपल्याकडे देशांतर केले की माणूस परमुलखात जातो, म्हणून आपण 'रेखांश' घेतला. मोजण्याचा धागा 'विमान' शब्दातही आहे. वि आणि मा, मापून जाणे. ऋग्वेदातल्या हिरण्यगर्भसूक्तात विमान म्हणजे वाहन नव्हे, तर अंतरिक्ष मापणारा. पुष्पक, मंदिराचा शिखरभाग, तुकोबांना न्यायला आलेले वैकुंठीचे विमान, हे सगळे मागाहूनचे दिसते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा हा जुना शब्द नव्या यंत्राला चिकटण्याच्या बेतात असावा. मापण्यात चूक झाली की काय होते तेही जुहूने पाहिले आहे. २४ सप्टेंबर १९७२ रोजी सांताक्रूझला उतरायचे जपानचे मोठे डीसी-८ विमान चुकून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि तिच्या टोकापलीकडे गेले.

आणि 'जुहू'? पोर्तुगीज काळात याला 'जुवेम' म्हणत. शेवटचा 'म' ही पोर्तुगीजांची अनुस्वार लिहिण्याची रीत, म्हणजे मूळ उच्चार 'जुवें' असावा. कोकणीत 'जुंवो' म्हणजे बेट. गोव्यात जुवें आहे, राजापूरच्या खाडीतही जुवे आहे. आपले जुहू एकोणिसाव्या शतकात खरोखरच वाळूचे चिंचोळे बेट होते आणि ओहोटीला तिथे चालत जाता येई. १९२८ मध्ये विमानतळ झाला तो या सखल जमिनीवर. पावसाळ्यात तो पाण्याखाली जाई आणि टाटांची टपालसेवा पुण्याला हलवावी लागे. जुवेचे मूळ 'द्वीप'मध्ये शोधायचा मोह होतो, पण ध्वनिनियम आड येतो. 'द्य'चा ज होतो: अद्यचे आज, विद्युतची वीज. 'द्व'चा मात्र सहसा द राहतो: द्वारचे दार, द्वीपचे दीव. तेव्हा जुवे हा किनाऱ्याचा स्वतःचा देशी शब्द असावा. जुहूतला 'ह' कुठून शिरला, हे कोडे उरतेच.

ठेवा ठेवायचा तर विमानतळाच्या कुंपणापासून दूर, चौपाटीकडे ठेवावा. सुरक्षारक्षकांना बेवारस डबीचा खेळ समजावून सांगता येत नाही. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या खाडीत, खाजणात किंवा सातबाऱ्यावर 'जुवे', 'जुवा', 'जू' असे जागेचे नाव असेल, तर स्थानिक उच्चारासह जरूर कळवावे.