पुण्याची दिल्लीतली एक जागा

पुण्याने लोकसभेत आजवर कोणाकोणाला पाठविले, त्यांची नावे मी एकदा शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात फळ्यावर लिहून काढली. १९५२ पासून २०२४ पर्यंत अवघी चौदा नावे. वर्गाच्या हजेरीपटाहूनही लहान यादी! पण तिच्यात एक केंद्रीय मंत्री आपल्याच गावात हरलेला आहे, एक जण परक्या सत्तेच्या तुरुंगातून सुटून थेट लोकसभेत गेलेला आहे, बाप पडला त्या जागेवर पुढे मुलगा तीनदा निवडून आलेला आहे, आणि बाई म्हणाल तर एकच आहे.

त्या बाईंपासूनच आरंभ करते. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत पुण्याच्या नावाच्या दोन जागा होत्या. ‘पुणे मध्य’मधून काकासाहेब गाडगीळ आणि ‘पुणे दक्षिण’मधून इंदिरा अनंत मायदेव, दोघेही काँग्रेसच्या बैलजोडीवर निवडून आले. त्या वेळी देशभर मतदारांच्या याद्या प्रथमच होत होत्या. उत्तरेकडील कितीतरी स्त्रियांनी आपले नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असल्या नोंदी चालणार नाहीत असे ठरविले आणि सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. ज्या देशात लाखो बायका आपले नाव सांगायलाही बिचकत होत्या, त्याच देशातल्या पुण्याने त्याच निवडणुकीत एका बाईला दिल्लीस पाठविले. आणि गंमत पाहा, त्यानंतर सत्तर वर्षे उलटली, पण स्त्रीशिक्षणाचे माहेरघर म्हणविणाऱ्या या शहराने दुसरी बाई निवडून दिलेली नाही. सावित्रीबाईंच्या गावात हे घडावे, याचे मला अजून नीटसे उत्तर सापडलेले नाही.

त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविलेले. मतदाराने आडोशाला जायचे आणि आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा. शिक्का मारण्याची पद्धत देशभर आली ती १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत. आम्हा शिक्षकांना निवडणुकीचे काम चुकत नाही. एकदा बोटाला शाई लावण्यासाठी मी बसले होते, तेव्हा एक वृद्ध आजी खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, “बाई, पेटी कुठं ठेवलीत हो?” मी म्हटले, “आजी, आता पेटी गेली. बटण दाबायचं.” त्यांनी बटण दाबले, यंत्राचा आवाज ऐकला, आणि बाहेर पडताना म्हणाल्या, “हे फार लवकर आटोपतं.”

आता १९५७. माझ्या मते पुण्याच्या निवडणुकांतली ही सर्वांत अर्थपूर्ण. काकासाहेब गाडगीळ लहान माणूस नव्हते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. सरदार पटेलांचे ते निकटचे सहकारी. मुंबईसह महाराष्ट्र मिळावा यासाठी ते लोकसभेत तळमळून बोलले होते. म्हणजे मागणी पुणेकरांची तीच काकासाहेबांची. पण १९५६ च्या जानेवारीत मुंबईत गोळीबार झाला, माणसे मेली, नोव्हेंबरात द्विभाषिक माथी मारले गेले, आणि काकासाहेब काँग्रेसमध्येच राहिले. लोकांना तेवढे पुरे झाले.

त्यांच्यासमोर उभे राहिले नारायण गणेश तथा नानासाहेब गोरे. प्रजासमाजवादी पक्षाचे, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूचे. १९५५ च्या मे महिन्यात सेनापती बापटांसमवेत गोव्याच्या सत्याग्रहाची पहिली तुकडी घेऊन ते गेले होते. पोर्तुगीजांनी त्यांना तुरुंगात टाकले, दीर्घ मुदतीची शिक्षा सुनावली, आणि १९५७ च्या आरंभी ते सुटून आले. निवडणूक तोंडावर होती. समिती पुण्यातच जन्मलेली, १९५६ च्या ६ फेब्रुवारीस. तिचे सरचिटणीस एस. एम. जोशी पुण्याचेच. अशा हवेत निकाल काय लागणार? गोरे आले, गाडगीळ पडले.

यात अन्याय झाला का? माणसाकडे पाहिले तर झाला. मनाने आपलाच असलेल्या माणसाला शहराने शिक्षा केली. पण मतपेटीला माणसाचे मन वाचता येत नाही. तो कोणत्या चिन्हाखाली उभा आहे एवढेच तिला दिसते. काकासाहेब पुढे पंजाबचे राज्यपाल झाले, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झाले ते त्यांनी पाहिले.

राज्य मिळाले आणि समितीचे काम जणू संपले, ती फुटली. १९६१ च्या १२ जुलैला पानशेतचे धरण फुटून अर्धे पुणे वाहून गेले, आणि लोक घरांच्या चिंतेत असतानाच पुढच्या वर्षी निवडणूक आली. शंकरराव मोरे काँग्रेसतर्फे निवडून आले. हेच शंकरराव एके काळी शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी आणि १९५२ साली त्याच पक्षाचे सोलापूरचे खासदार! १९६७ मध्ये वारे पुन्हा फिरले आणि संयुक्त समाजवादी पक्षाचे एस. एम. लोकसभेत गेले. महाराष्ट्र मिळविणाऱ्या माणसाला पुण्याने दिल्ली दाखविली ती राज्य होऊन सात वर्षे झाल्यावर.

मग मोहन धारिया. त्यांची कथा मला फार आवडते. १९७१ मध्ये ते इंदिरा गांधींच्या काँग्रेसच्या गायवासरावर निवडून आले, राज्यमंत्री झाले. जयप्रकाशांशी बोलणी करा, असे ते उघड सांगू लागले, म्हणून १९७५ च्या मार्चमध्ये त्यांना मंत्रिमंडळातून काढले. जूनमध्ये आणीबाणी आली आणि धारिया तुरुंगात गेले. १९७७ मध्ये तेच पुणे, तेच धारिया, पण चिन्ह नांगरधारी शेतकऱ्याचे. मतदारांनी त्यांना पुन्हा पाठविले आणि ते मोरारजींच्या सरकारात व्यापारमंत्री झाले. वीस वर्षांपूर्वी चिन्हापायी माणूस पाडणाऱ्या शहराने या वेळी चिन्ह बदलून आलेला माणूस ठेवला.

१९८० मध्ये काकासाहेबांचे चिरंजीव विठ्ठलराव गाडगीळ काँग्रेसतर्फे आले; १९८४ आणि १९८९ मध्येही. १९९१ ला अण्णा जोशींनी त्यांना हरविले आणि भारतीय जनता पक्षाने पुणे प्रथम जिंकले. नंतरची ये-जा वाचकांच्या आठवणीतली आहे, म्हणून भराभर सांगते: १९९६ ला सुरेश कलमाडी, १९९८ ला विठ्ठल तुपे, १९९९ ला प्रदीप रावत, २००४ व २००९ ला पुन्हा कलमाडी. यात १९९८ ची लढत मौजेची. काँग्रेसचे कलमाडी भाजप-सेनेच्या पाठिंब्यावर अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या तुप्यांनी त्यांना पाडले. २०१४ मध्ये अनिल शिरोळे आणि २०१९ मध्ये गिरीश बापट, दोघेही तीन लाखांहून अधिक मतांनी विजयी झाले.

या मधल्या काळात पुणे मतदारसंघ म्हणजे पुणे शहर हे समीकरणही मोडले. २००८ च्या पुनर्रचनेत हडपसर शिरूरला गेले, खडकवासला बारामतीला, चिंचवड मावळला. पुण्याकडे कसबा, शिवाजीनगर, पर्वती, कोथरूड, वडगावशेरी आणि कॅन्टोन्मेंट राहिले. आता भाऊबीजेला कोथरूडच्या घरी हडपसरचा भाऊ, धायरीची बहीण आणि चिंचवडची वहिनी जमल्या, तर एका पंगतीत चार खासदार होतात. पाणी तुंबल्याची तक्रार चौघांची एकच, पत्र मात्र चार पत्त्यांवर!

२०२३ च्या २९ मार्चला बापट वारले आणि पुण्याची जागा रिकामी झाली. त्याच महिन्याच्या आरंभी कसब्याच्या विधानसभेच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागलेला होता. आमदार मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर अवघ्या दोनअडीच महिन्यांत ती जागा भरली गेली. लोकसभेच्या जागेला मात्र तसे भाग्य नव्हते. त्या वर्षीच्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने पोटनिवडणूक घ्या असा आदेश दिला. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. वर्षाहून अधिक काळ सुमारे वीस लाख मतदारांच्या वतीने लोकसभेत कोणी बोलत नव्हते, आणि खरे सांगायचे तर कट्ट्यांवर त्याची फारशी चर्चाही मी ऐकली नाही. १९५७ चे पुणे गप्प बसले असते का, असा प्रश्न मी शिक्षकांच्या खोलीत टाकला. एकाने वर न पाहताच उत्तर दिले, “तेव्हा सुट्टीच्या दिवशी लोक गावात राहत होते.”

१३ मे २०२४ ला मतदान झाले. रवींद्र धंगेकरांना सव्वा लाखाच्या आसपास मतांनी हरवून मुरलीधर मोहोळ निवडून आले, आणि ४ जूनला, चौदा महिन्यांनी, ती जागा भरली.