बांगडी भरलेली, बांगडी फुटलेली

जालना जिल्ह्यातल्या एका गावात असईच्या लढाईवर बोलत होतो. असई याच जिल्ह्यातली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. कंपनीची मृत, जखमी, बेपत्ता मिळून दीड हजारांवर माणसं गेली. जिंकणाऱ्यांनी मराठ्यांच्या हस्तगत तोफा नेमक्या मोजल्या, ९८. मराठ्यांची मेलेली माणसं मात्र अंदाजानेच सांगितली जातात.

शेवटी म्हणालो, ‘‘या लढाईला पोवाडा नको, शोकगीत हवं.’’ मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘मग बांगड्या भरा, सर!’’ हशा पिकला. मीही हसलो. घरी येईपर्यंत त्या हसण्याचीच लाज वाटत राहिली.

१७६१च्या पानिपताची आठवण मराठीने एका वाक्यात ठेवली आहे: सव्वा लाख बांगडी फुटली. कवीचं नाव नसलेली ही युद्धविरोधी कविताच. आणि लढायला नाही म्हणणाऱ्याला हिणवायलाही आपल्याला बांगडीच सापडते. निवडणूक हरली तरी आपण सहज म्हणतो, पानिपत झालं.

हिणवणारे दुष्टच असतात असं नाही. भीती सगळ्यांच्याच पोटात असते. ती एकाच्या हातात भरली, की बाकीच्यांना आपण शूर वाटतो. मीही त्यासाठीच हसलो होतो.

पुन्हा कुणी बांगड्या भरायला सांगितलं, तर एवढंच विचारीन: असईनंतर किती फुटल्या, ते कुणी मोजलं होतं का?