गेमचा पुढचा भाग तुमचे जुने निर्णय लक्षात ठेवतो का? ‘विचर ४’च्या निमित्ताने

(आधीच सांगते, खाली ‘द विचर ३’च्या शेवटाबद्दल स्पॉयलर आहेत. खेळायचा बाकी असेल तर हा लेख बुकमार्क करा आणि नंतर या.)

डिसेंबर २०२४ मध्ये द गेम अवॉर्ड्समध्ये ‘द विचर ४’चा ट्रेलर आला. गेराल्टच्या जागी यावेळी मुख्य पात्र सिरी होती, गेराल्टची मानलेली मुलगी. ट्रेलर बघून माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो ग्राफिक्सचा नव्हता. मी ‘विचर ३’ पहिल्यांदा संपवला तेव्हा माझी सिरी सम्राज्ञी झाली होती. मग ही गावोगाव फिरून राक्षस मारणारी सिरी कोणाची?

हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. ज्या आरपीजी गेममध्ये आपण निर्णय घेतो, त्याच्या प्रत्येक सिक्वेलवेळी फॅन्स हेच विचारतात. उत्तरात थोडं कथालेखन आहे आणि बरंचसं सॉफ्टवेअर.

‘विचर ३’ नेमकं काय मोजतो?

ज्यांनी फक्त नेटफ्लिक्सची सिरीज पाहिली आहे त्यांच्यासाठी: विचर म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा शिकारी. पोलंडच्या आंद्रेय सापकोव्स्की यांच्या पुस्तकांमधलं हे जग. त्यावर तिथल्याच सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीने गेम केले. २०१५ च्या तिसऱ्या भागात सिरीचे तीन शेवट आहेत: ती विचर होते, सम्राज्ञी होते, किंवा परतच येत नाही.

गंमत म्हणजे ‘सिरीने काय व्हावं?’ असा थेट प्रश्न गेम कधीच विचारत नाही. ती खचलेली असताना तुम्ही तिच्याशी बर्फाचे गोळे फेकून खेळलात का, चेटकिणींच्या बैठकीला तिला एकटीला जाऊ दिलंत का, तिला राग आला तेव्हा प्रयोगशाळेची मोडतोड करू दिलीत का, अशा पाचेक प्रसंगांची बेरीज गेम गुपचूप ठेवत असतो. शिवाय तिला सम्राट बापाकडे नेलंत का आणि युद्ध कोण जिंकलं, हेही धरलं जातं. आपल्याला वाटतं आपण नुसत्या गप्पा मारतोय!

प्रोग्रामिंगच्या भाषेत या खुणांना फ्लॅग म्हणतात. साधा फ्लॅग म्हणजे हो किंवा नाही. सेव्ह फाईलमध्ये तुमची तलवार, पैसे यांच्यासोबत असे ढीगभर फ्लॅग असतात.

मग ते फ्लॅग पुढच्या गेममध्ये का नेत नाहीत?

नेतात की. ‘विचर २’ पहिल्या भागाची सेव्ह फाईल वाचायचा, ‘विचर ३’ दुसऱ्याची. पण ‘विचर २’ प्लेस्टेशनवर आलाच नव्हता, म्हणजे पीएस४ वाल्यांकडे वाचायला फाईलच नाही. त्यावरची युक्ती मला फार आवडते. गेमच्या सुरुवातीला सम्राटाला भेटण्याआधी गेराल्टची दाढी केली जाते आणि तेव्हा एक अधिकारी त्याला जुन्या घटनांबद्दल विचारतो. तुम्ही जे उत्तर द्याल तोच तुमचा इतिहास. फॉर्म भरून घेतला, पण फॉर्म आहे हे कळू दिलं नाही. जीव वाचवलेला लेथो मग ‘विचर ३’मध्ये खरंच भेटतो.

अडचण फाईल वाचण्यात नाहीच. मी ऑफिसात जुन्या ॲपचा डेटा नव्या ॲपमध्ये हलवायचं काम केलंय. डेटा येतो हो, पण आलेल्या प्रत्येक नोंदीचं पुढे काय करायचं हे कोणीतरी लिहावं लागतं. हो-नाहीचे १० निर्णय म्हणजे १,०२४ वेगवेगळी जगं. २० निर्णय म्हणजे १०,४८,५७६. प्रत्येकासाठी संवाद लिहा, आवाज रेकॉर्ड करा, टेस्टिंग करा. कोणतीच कंपनी एवढं करत नाही. बहुतेक फ्लॅग एखाद्या वाक्यावर किंवा पत्रावर संपतात.

खुद्द ‘विचर २’मध्येच हे दिसतं. तिथे रोश आणि आयोर्वेथ यांच्यापैकी एकाची बाजू घेतली की पुढचा अख्खा अंक बदलतो. एवढा मोठा निर्णय, आणि ‘विचर ३’मध्ये आयोर्वेथ कुठेच नाही! त्याची बाजू घेतलेले लोक आजही यावर चिडतात, आणि मला त्यांचं पटतं.

दुसऱ्यांनी काय केलं?

‘ड्रॅगन एज’चं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. २०१४ च्या ‘इन्क्विझिशन’साठी बायोवेअरने कीप नावाची वेबसाईटच काढली, तिथे आधीच्या दोन गेममधले निर्णय टिकमार्क करून नव्या गेममध्ये आणता यायचे. फॅन्सना सवय लागली. मग १० वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘द व्हेलगार्ड’ आला आणि त्याने मागचे फक्त तीन निर्णय विचारले. मॉरिगन गेममध्ये आहे, पण जुन्या निर्णयांनुसार तिला मुलगा असला तरी त्याचा उल्लेखही नाही. ओझं कमी केलं हे इंजिनियर म्हणून कळतं, पण वहीच हरवल्यासारखं वाटतं.

‘एल्डर स्क्रोल्स’वाल्यांनी भलताच मार्ग काढला. १९९६ च्या ‘डॅगरफॉल’चे अनेक शेवट होते. कोणता खरा? पुढच्या भागांनी सांगितलं, सगळेच! काळ तुटला आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या घटना एकदम घडल्या. ही पळवाट आहे, पण झकास पळवाट आहे. ‘बाल्डर्स गेट ३’ने कथा शंभराहून जास्त वर्षं पुढे नेली. तरी जुनी पात्रं परत आणली तिथे वाद झालेच.

आता सिरीचं काय?

ट्रेलरवरून कंपनीने विचर होण्याची वाट धरलेली दिसते. पण फॅन्सची खरी अपेक्षा वेगळ्याच जागी अडली आहे. ट्रेलरमध्ये सिरी विचरांची औषधं पिते आणि तिचे डोळे मांजरासारखे होतात. साध्या माणसासाठी ती औषधं विष असतात. ती पचवायला ट्रायल ऑफ द ग्रासेसमधून जावं लागतं आणि त्यात बहुतेक मुलं मरायची. पुस्तकात सिरी विचरांच्या किल्ल्यात तलवार शिकते, पण तिच्यावर हा प्रयोग होत नाही. मग आता तिने तो का करून घेतला? आणि क्षणात इथून तिथे जाण्याची तिची शक्ती ट्रेलरमध्ये दिसत कशी नाही?

‘मुलगी विचर कशी?’ म्हणून ओरडणाऱ्यांचं मी मनावर घेत नाही. हे दोन प्रश्न मात्र रास्त आहेत. एक धागा तिसऱ्या भागातच आहे: तिथे उमा नावाच्या शापित जीवावर गेराल्ट, येनेफर आणि मंडळी याच प्रयोगाचा भाग करतात. म्हणजे ती विद्या पूर्ण बुडालेली नाही.

माझी मागणी छोटी आहे. सम्राज्ञी झालेल्या सिरीला गेमने खोटं ठरवू नये. ती गादी सोडून का आली, याचा एक नीट प्रसंग द्यावा. दाढी करताना विचारलं तसं यावेळीही कोणीतरी सहज विचारावं.

गेम २०२७ च्या आधी येणार नाही, एवढं कंपनीने सांगितलंय. यावेळी त्यांनी स्वतःचं इंजिन सोडून अनरियल इंजिन ५ घेतलंय, त्यामुळे जुनी सेव्ह फाईल थेट चालेल यावर फार विसंबू नका. माझी सम्राज्ञीवाली फाईल मी तरीही पेन ड्राईव्हवर काढून ठेवली आहे.