आधी मुलाकात

खत म्हणजे आधी मुलाकात, अर्धी भेट, असे आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असे. आज कोकणातल्या कुठल्याही मोहल्ल्यात एखादी आजी मोबाईल तोंडाजवळ धरून कुवेतच्या मुलाशी बोलत असते आणि आम्हाला त्याचे काहीच वाटत नाही. वाटायला हवे, कारण आमच्या घरांतली ती अर्धी भेट अर्धीही नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतून आमची माणसे पोटासाठी केपटाऊनला गेली. बायका बहुधा गावीच राहत. केप वसाहतीच्या १९०६ च्या कायद्यानंतर गावी येऊन परत जायचे तर परवाना काढावा लागे. त्यावर फोटो, अंगठ्याचे ठसे आणि ठरावीक मुदत. मुदत टळली की परतीचा हक्क जाई. इतिहासकार उमा धुपेलिया-मिस्त्री यांनी या परवान्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. पुरुषांचे चेहरे असे सरकारी दप्तरात राहिले. गावी वाट पाहणाऱ्या बाईचा मात्र चेहराही नाही आणि आवाजही नाही.

तिला लिहिता येत नसे. पत्र गावातला कुणी शिकलेला लिहून देई आणि आलेले पत्र आणखी कुणी वाचून दाखवी. नवऱ्याला सांगायचे ते सासऱ्याच्या, दिराच्या कानांवरून जाई. मग सांगायचे ते राहूनच जाई. पत्राची भाषाही उर्दू, नाहीतर शाळेतली मराठी. चुलीपुढची कोकणी बोली कागदावर यायचीच नाही.

१९४६ मध्ये भारताने वर्णभेदाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, तो १९९३ मध्ये पुन्हा सुरू झाला. निषेध रास्तच होता. पण त्या सत्तेचाळीस वर्षांत येणेजाणे विरळ झाले आणि कित्येक घरांत केपटाऊन हे नुसते एका आजोबांचे नाव उरले.

दरम्यान १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, माणसे आखातात जाऊ लागली आणि त्यांच्याबरोबर टेपरेकॉर्डर घरी आला. आमच्या मते खरी क्रांती इथे झाली. बाई कॅसेटवर आपल्या बोलीत बोलू लागली. मागे कोंबडा आरवे, पोर रडे, तेही भरले जाई. पुढे आयएसडी बूथ आले. तिथे बोलण्यापेक्षा पळणाऱ्या लाल आकड्यांकडेच लक्ष जास्त.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. काही वर्षांनी तालुक्याच्या गावी सायबर कॅफे दिसू लागले. मौज अशी की तिथे तो जुना तिसरा माणूस पुन्हा मध्ये आला. आता तो भाचा नाहीतर पुतण्या होता आणि मामीचा निरोप रोमन अक्षरांत ठोकत होता. तो बाजूला झाला २०१३ मध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर बोललेला निरोप जाऊ लागला तेव्हा. २०१६ मध्ये चेहराही दिसू लागला. अक्षर न ओळखणारी बाई आता हजारो मैलांवर, कुणालाही मध्ये न घेता, आपल्या बोलीत नवऱ्याला रागावू शकत होती.

पत्रांचे दिवस गेले म्हणून हळहळणारे बहुतेक लिहिता येणारे पुरुष असतात, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. फुकटच्या शुभेच्छांचा आणि अफवांचा कंटाळा आम्हालाही येतो. पण तेवढ्यावरून या साधनाची किंमत ठरवू नये. मार्च २०२० मध्ये विमाने बंद झाली, तेव्हा आखातातल्या किती मुलांनी आईचा जनाजा मोबाईलवर पाहिला! मिट्टी देता आली नाही, ती भेट अर्धीच राहिली. तरी दफन होऊन महिना लोटल्यावर खबर मिळण्याचे दिवस ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना या अर्ध्याचे मोल कळेल.

आता एक काम उरते. त्या जुन्या कॅसेटी अजून कुणाच्या माळ्यावर असतील. कोकणच्या दमट हवेत फितीला बुरशी धरते. आमच्या आज्या-नान्यांच्या तोंडची कोकणी बोली त्यांच्याच आवाजात आणखी कुठे मिळणार? पुढच्या पावसाळ्याआधी त्या खाली काढाव्यात, संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि कुणी कुणासाठी भरली, कोणत्या साली, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून प्रत्येकीवर लिहून ठेवावे.