हमोंग निर्वासित : परदेशात संस्कृती कशी टिकवली जाते?

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या सुनिसा लीने जिम्नॅस्टिक्समधील वैयक्तिक ऑल-अराउंड सुवर्णपदक जिंकले. ती हमोंग निर्वासितांच्या कुटुंबातली. जगभरातील अनेकांनी 'हमोंग' हा शब्द तेव्हा पहिल्यांदाच ऐकला.

हमोंग कोण आहेत?

दक्षिण चीन, व्हिएतनाम, लाओस आणि थायलंडच्या डोंगराळ भागात राहणारा हा समाज. या सर्व देशांत तो अल्पसंख्य आहे. त्याचे स्वतःचे राष्ट्र नाही. समाजाची रचना कुळांवर आधारलेली असून एकाच कुळात लग्न होत नाही.

देश का सोडावा लागला?

१९६० च्या दशकात अमेरिकेच्या सीआयएने लाओसमधील कम्युनिस्टांविरुद्ध लढण्यासाठी जनरल वांग पाव यांच्या नेतृत्वाखाली हमोंग सैनिक उभे केले. अमेरिकी जनतेपासून लपवलेल्या या युद्धात हजारो हमोंग मारले गेले. १९७५ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि सूडाच्या भीतीने हमोंग कुटुंबे मेकाँग नदी ओलांडून थायलंडमध्ये पळाली. बान विनाईसारख्या छावण्यांत अनेकांनी वर्षानुवर्षे काढली. तिथून काही फ्रान्स, ऑस्ट्रेलियाला गेले, बहुतेक अमेरिकेत. तिथे आज तीन लाखांहून अधिक हमोंग आहेत, मुख्यतः कॅलिफोर्निया, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांत.

आधार कसा मिळाला?

सुरुवातीला सरकार आणि चर्चसंस्थांनी या कुटुंबांना वेगवेगळ्या शहरांत विखरून वसवले. पण लग्न असो वा मयत, कुळातली माणसे जवळ नसतील तर हमोंगांचे अडते. त्यामुळे कुटुंबे स्वतःच नातेवाइकांजवळ स्थलांतरित झाली आणि सेंट पॉल, फ्रेस्नो येथे मोठ्या वस्त्या तयार झाल्या. तिथे समाजाच्या संस्था निघाल्या. ज्येष्ठांना शेतीची सवय होती. मिनेसोटाच्या आठवडी बाजारांत हमोंग शेतकऱ्यांची भाजी विकली जाऊ लागली. अशा शेतकऱ्यांना जमीन मिळावी म्हणून २०११ मध्ये हमोंग अमेरिकन फार्मर्स असोसिएशन स्थापन झाली.

यजमान समाजानेही काही ठिकाणी जागा करून दिली. कॅलिफोर्नियातील मर्सेड येथील एका रुग्णालयाने हमोंग भगतांना रुग्णांच्या खाटेजवळ ठरावीक विधी करण्याची अधिकृत परवानगी दिली. डॉक्टरांवरचा अविश्वास कमी व्हावा, हा त्यामागचा हेतू होता.

काय जपले जाते?

हमोंग स्त्रियांच्या पारंपरिक भरतकामाला 'पा न्दाऊ' म्हणतात. थायलंडच्या छावण्यांत त्यातून 'कथावस्त्र' हा नवा प्रकार जन्मला. गाव, विमाने, पलायन, नदी ओलांडणे असे सगळे कापडावर दोऱ्याने चितारले जाऊ लागले. ही कापडे विकून पैसे मिळत आणि इतिहासही नोंदला जाई.

दुसरा वारसा म्हणजे 'खेंग', बांबूच्या सहा नळ्यांचे तोंडाने वाजवायचे वाद्य. हमोंग भाषेत सुराच्या चढउतारानुसार शब्दाचा अर्थ बदलतो, म्हणून खेंगच्या सुरांतून जाणकारांना शब्द ऐकू येतात. अंत्यविधी अनेक दिवस चालतात. त्यात खेंग आणि गाणी मृताच्या आत्म्याला वाट दाखवतात. आत्मा जिथे जिथे राहिला त्या प्रत्येक ठिकाणावरून मागे जात जन्मस्थळी पोहोचतो, तिथे पुरलेली वार घेतो आणि मग पूर्वजांकडे जातो, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे निर्वासिताच्या अंत्यविधीत अमेरिकेतील शहरापासून थायलंडची छावणी आणि लाओसच्या गावापर्यंतचा सगळा प्रवास उलटा सांगितला जातो.

आजचे आव्हान काय?

अमेरिकेत जन्मलेल्या पिढीची रोजची भाषा इंग्रजी झाली आहे. अंत्यविधीची गाणी दीर्घ, तोंडपाठ करायची आणि जुन्या भाषेतली. ती येणारी माणसे उरली नाहीत तर विधी होणार कसा? म्हणून सेंट पॉलमधील हमोंग कल्चरल सेंटर १९९२ पासून काम करते. तिथे खेंग आणि लग्न-अंत्यविधीची गाणी शिकवली जातात. २०२१ मध्ये संग्रहालयही उघडले. तरी काचेच्या कपाटात कापड आणि वाद्य जपणे सोपे असते. वाट सांगणारा माणूस मात्र प्रत्येक पिढीत नव्याने घडवावा लागतो.