बास ट्रॅकमध्ये आहे

लोकलच्या लगेज डब्यात मला महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न विचारला जातो. "काय आहे हो यात?" मी म्हणतो, "बास." समोरचा क्षणभर माझ्याकडे बघतो आणि गप्प होतो. त्याला वाटतं मी त्याला 'पुरे' म्हणालो. मग मीच घाईघाईने सांगतो, "बास गिटार. चार तारांची." त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "मग उरलेल्या दोन तुटल्या का?"

मी 41 वर्षांचा आहे. राहतो डोंबिवलीत आणि दिवसा एका कंपनीचे हिशेब बघतो. गेली 16 वर्षं सणासुदीला, लग्नाच्या रिसेप्शनला, सोसायटीच्या कोजागिरीला आणि कधीमधी ठाण्यातल्या एखाद्या कॅफेत बास वाजवतो. जत्रेत हौशे, नवशे, गवशे असे तीन प्रकारचे लोक येतात म्हणतात. त्यातला मी हौशा. मिळतात त्या पैशांत तारा, रिक्षा आणि वडापाव भागतो. तक्रार नव्हती.

गेल्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी आमच्या ऑर्केस्ट्राच्या संयोजकांचा फोन आला. "सर, या वेळी बजेट टाइट आहे. बास ट्रॅकमध्ये आहे. तुम्ही आराम करा."

ट्रॅक म्हणजे काय, ते सांगतो. गाण्यातून गायकाचा आवाज वजा केला की उरलेली सगळी वाद्यं तयार मिळतात. ती कीबोर्डवाल्याच्या लॅपटॉपमधून वाजवायची. मग स्टेजवर दोन गायक, एक ऑक्टोपॅडवाला आणि तो लॅपटॉप एवढ्यावर 'भव्य संगीत रजनी' होते. मी "ठीक आहे" म्हणालो आणि फोन ठेवला. राग आला होता, पण काढणार कोणावर? संयोजकांचंही खरंच होतं, वर्गणी कमी झाली होती. त्या रात्री झोप येईना, म्हणून मी माझ्याच वाद्याचा इतिहास वाचत बसलो. 16 वर्षं खांद्यावर वाहिलं, पण ते कुठून आलं याचा कधी विचारच केला नव्हता.

हे वाद्य आलं ते ऐकू न येण्याच्या तक्रारीतून.

त्याआधी खर्जाचं काम डबल बास करायचा. व्हायोलिनच्या घराण्यातला हा थोरला भाऊ माणसाच्या उंचीचा असतो. तो गाडीत मावत नाही, पावसात भिजतो, आणि ड्रम्स आणि ट्रम्पेट सुरू झाले की कोणालाच ऐकू येत नाही. अमेरिकेत सिएटलच्या पॉल टुटमार्कने 1930च्या दशकातच गिटारसारखा आडवा धरायचा इलेक्ट्रिक बास बनवून पाहिला होता. तो चालला नाही. मग 1951 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावच्या लिओ फेंडरने आपला बास बाजारात आणला. गंमत म्हणजे फेंडर रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने बासला नाव दिलं 'प्रिसिजन', म्हणजे अचूक. कारण डबल बासला पडदे नसतात, सूर कानाने शोधावा लागतो. फेंडरने सतारीला असतात तसे, पण पक्के बसवलेले पडदे दिले. बोट जागेवर पडलं की सूर बरोबर. तारेची लांबी 34 इंच, आणि सर्वांत जाड ई तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे 41 कंपनं. पुढच्याच वर्षी त्याने बाससाठी वेगळा अॅम्प्लिफायरही काढला.

इथपर्यंत वाचून मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की या गोष्टीत आणखी कोणीतरी आहे. वर्षानुवर्षं मेहनत करून, बोटांना घट्टे पाडून, कानाने सूर शोधायला शिकलेला डबल बासवाला. आता कोणताही गिटारवाला महिन्याभरात त्याचं काम करू शकत होता. नाचगाण्याच्या बँडांमधून तो हळूहळू बाहेर पडला. काहींनी नवं वाद्य हातात घेतलं, काहींनी घेतलं नसेल. मला आला तसा फोन त्यांनाही आला असेल. म्हणजे मी ज्या जागेवर उभा होतो, ती आधी कोणाची तरी रिकामी केलेली जागा होती.

आणखी एक गोष्ट सापडली. बास वाजवायचाच म्हणून फार थोडे लोक बासकडे आले. 1961 मध्ये हॅम्बुर्गला स्टुअर्ट सटक्लिफने बीटल्स सोडलं, आणि बास कोणीतरी घ्यायला हवा म्हणून तो पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडला. 1963 मध्ये हॉलिवूडच्या एका रेकॉर्डिंगला बासवाला आलाच नाही, म्हणून कॅरल के या गिटारवादक बाईंना बास दिला गेला. पुढे त्या तिथल्या सर्वांत जास्त काम असलेल्या बासवादकांपैकी एक झाल्या. आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये चार गिटारवाले होते आणि चिठ्ठ्या टाकल्या होत्या. माझी चिठ्ठी निघाली तेव्हा बाकीच्या तिघांनी मला मिठी मारली. ती सुटकेची मिठी होती.

मुंबईत बास शिकलो तो माहीमच्या एका म्हाताऱ्या गोवेकर गृहस्थांकडे. त्यांना आम्ही अंकल म्हणायचो. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून पोरांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवत. ती शिकलेली पोरं मुंबईत आली, आधी हॉटेलांच्या जॅझ बँडांत आणि मग सिनेमाच्या स्टुडिओत गेली. हिंदी सिनेमाचा तो भरगच्च ऑर्केस्ट्रा कागदावर उतरवणाऱ्यांत गोवेकर मोठ्या संख्येने होते. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसूझा होते. पंचमच्या वादकांत टोनी वाझ बास गिटार वाजवत. पण तबकडीच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार आणि गायक एवढीच नावं असायची.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवत आणि शिकवत. प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी. 1977च्या 'अमर अकबर अँथनी'मधलं अमिताभचं अंड्यातून बाहेर येतानाचं गाणं लक्ष्मीकांत-प्यारेलालचं. त्यात घेतलेलं नाव या गुरूचं आहे. आपल्याकडे ते गाणं माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण, आणि तो गुरू माहीत असलेला माणूस सापडणंही तितकंच कठीण.

माझे अंकल रेडिओवर जुनं गाणं लागलं की डोळे मिटायचे, थोडं ऐकायचे आणि म्हणायचे, "हे मी वाजवलंय... बहुतेक." त्या 'बहुतेक'ची मला तेव्हा मजा वाटायची. सकाळी स्टुडिओत जायचं, समोर ठेवलेला कागद वाचून वाजवायचं, शिफ्टचे पैसे घ्यायचे आणि घरी जायचं. सगळे वादक एकत्र बसून एकदमच वाजवत. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पहिल्यापासून. सिनेमा कोणता, हे कळायलाच हवं असं काही नव्हतं.

मग यंत्रं आली. जपानच्या रोलँड कंपनीने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-303 नावाची छोटी पेटी काढली. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बास. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बासवाल्याची गरज पडू नये, हा तिचा उद्देश. तिचा आवाज खऱ्या बाससारखा मुळीच नव्हता, म्हणून ती खपली नाही आणि 1984 मध्ये बंद झाली. पण 1982 मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी हीच पेटी घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. हे गृहस्थ स्वतः सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातले वादक. ती तबकडी तेव्हा कोणी फारशी घेतली नाही. पुढे शिकागोच्या पोरांनी जुन्या बाजारातून स्वस्तात उचललेल्या त्याच पेटीतून नाचाच्या संगीताचा एक नवा प्रकार काढला. 2010 मध्ये चरणजित सिंगांचा अल्बम पुन्हा निघाला, तेव्हा जग चकित झालं, की हे मुंबईत आधीच कोणीतरी करून ठेवलं होतं. बासवाल्याला काढण्यासाठी बनवलेलं यंत्र एका वादकाच्या हातात असं बोलू लागलं. म्हणजे 'बास ट्रॅकमध्ये आहे' हे वाक्य माझ्याएवढंच जुनं आहे.

सगळ्यात जास्त वेळ मी थांबलो तो जेम्स जेमर्सनपाशी. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीचा हा बासवादक. एका घराच्या खालच्या मजल्यावरच्या कोंदट स्टुडिओत, उजव्या हाताच्या फक्त एका बोटाने त्याने 1960च्या दशकातली कितीतरी गाणी वाजवली. 'माय गर्ल' हे त्यातलंच. ती गाणी लाखोंनी खपली आणि रेकॉर्डवर त्याचं नाव नव्हतं. मार्व्हिन गेच्या 1971च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' अल्बमवर ते छापलं गेलं. पुढच्या वर्षी कंपनीने आपला मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला. तोही मागोमाग गेला, पण काम आटलं आणि दारू वाढली. शेवटी शेवटी त्याचा 1962चा बासही चोरीला गेला. 1983 मध्ये तो वारला तेव्हा 47 वर्षांचा होता. मॅकार्टनीचा 1972 मध्ये चोरीला गेलेला बास सापडला, 2024 मध्ये जगभर बातमी झाली. जेमर्सनचा अजून सापडलेला नाही.

हे सगळं अमेरिकेतलं, मुंबईतलं म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात. शाहीर दम घेतो तेव्हा 'जी जी' करत सूर धरून ठेवायचं काम त्यांचं. त्यांच्यातलाच एक तुणतुणं वाजवत असतो, एकच तार आणि एकच सूर. 'तेच तुणतुणं' हा आपल्याकडे टोमणा झाला. पण शाहिराचा सूर पक्का राहतो तो त्याच तुणतुण्यामुळे. शाहिरांची नावं पुस्तकांत आहेत. तुणतुणंवाल्यांची किती आहेत?

तुम्ही हे फोनवर वाचत असाल तर एक करून बघा. आवडतं गाणं आधी फोनच्या स्पीकरवर लावा, मग चांगल्या हेडफोनवर. फोनचा स्पीकर शेंगदाण्याएवढा. 41 हर्ट्झ त्याला झेपत नाही. तरीही तुम्हाला बास थोडासा ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण वरचे सूर ऐकून मेंदू खालचा सूर मनाने भरून काढतो.

स्टेजवर मात्र उलटी तऱ्हा. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद हा नियम 2000 सालचा. सणाचे मोजके दिवस बारापर्यंत सूट. खर्जाचा आवाज भिंतीतून आरपार जातो, म्हणून आजूबाजूच्या इमारतींतून तक्रार आली की साउंडवाला पहिला हात माझ्याच बटणावर नेतो. "दादा, बास जरा वाढव ना." "सर, आधीच घुमतंय." अर्थिंग नीट नसलं तर विजेची 50 हर्ट्झची गुणगुण स्पीकरमधून येते. माझ्या ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा सूर 49चा. एका मंडळात मी अख्खी संध्याकाळ महावितरणशी जुगलबंदी केली आहे.

त्या गणपतीत मी कार्यक्रम बघायला गेलो. जायचं नव्हतं, पण पाय वळले. मागच्या रांगेत, पाणीपुरीच्या गाडीशेजारी उभा राहिलो. ट्रॅकमधला बास उत्तम होता. माझ्यापेक्षा स्वच्छ, आणि एकही चूक नाही. तिसऱ्या गाण्याला आमची गायिका कडव्याची सुरुवात विसरली. दोन ओळींचाच प्रश्न होता. एरवी अशा वेळी ती माझ्याकडे आणि ढोलकवाल्याकडे बघते, आम्ही त्याच सुरावर फिरत राहतो, ती श्वास घेते, हसते आणि पुन्हा शिरते. लोकांना वाटतं, गाणं असंच बसवलंय. त्या दिवशी तिने सवयीने डावीकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. ट्रॅक पुढे निघून गेला. तिने ध्रुवपदावर त्याला गाठलं, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. पण नंतरच्या गाण्यांना ती मोबाइलवर शब्द समोर ठेवून, मान खाली घालून गायली.

मी तिला भेटायला मागे गेलो. ती म्हणाली, "तुम्ही असता तेव्हा कळत नाही हो." मग चहा आला आणि तो विषय तिथेच राहिला.

त्या संयोजकांचा फोन नंतर आला नाही. येईल असं वाटत नाही. त्यांचं गणित बरोबर आहे. आम्ही पाच जणांनी मात्र महिन्यातून एका रविवारी ठाण्यातल्या कॅफेत वाजवायचं ठरवलं आहे. पैसे नाहीत, कॉफी मिळते. मी एक नियम लावून घेतला आहे. गाण्यांच्या यादीच्या खाली पाचही जणांची नावं आणि वाद्यं लिहायची, आणि निवेदकाला ती वाचायला लावायची. मागच्या रविवारी त्याने ती वाचली. माझ्या नावाशी आल्यावर तो अडला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, "आणि गिटारवर..."

बाकी चौघे एकदम ओरडले, "बास!"

तो बिचारा गप्प झाला.